लंगोट फुकट होता तेव्हाची गोष्ट

एटापल्लीत डायपर सुटा मिळतो. दुकानदार पाकीट आधीच फोडून ठेवतो. कुणी 'दोन द्या' म्हटलं की बिड्यांच्या बंडलांशेजारून दोन काढतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. एकाचे साधारण दहा रुपये. पुण्यात माझ्या ऑफिसमधले नवे आईबाप महिन्याचा खोका ॲपवरून मागवतात. इथे मात्र डायपर प्रसंगापुरता घेतला जातो. बाळाला घेऊन एसटीने गडचिरोलीला जायचंय, लग्नाला जायचंय, दवाखान्यात दोन रात्री काढायच्यात, असं काही असेल तरच. बाकीच्या दिवसांना कापडाचा लंगोट.

माझ्या ताईला बाळ होणार होतं, तेव्हा लंगोट शिवून घ्यायला मी गावातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेलो. त्या मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, "कापड तुमचं असन तं पंधरा रुपये. माझं असन तं साठ."

मी सॉफ्टवेअरवाला. दोन आकड्यांमधला फरक दिसला की तो फोडून बघायची खोड आहे. पंधरा आणि साठ यांच्यामधले पंचेचाळीस रुपये कापडाचे, हे उघड आहे. पण आमच्या आजीच्या काळात हे पंचेचाळीस रुपये, म्हणजे त्यांचे तेव्हाचे पैसे, कुणीच मोजत नव्हतं. लंगोट फुकट होता. तो फुकट कधीपासून राहिला नाही, याचा शोध घेता घेता मी रेल्वे, कापूस, गिरण्या आणि पॉलिस्टरपर्यंत जाऊन पोचलो.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. लंगोट ही काही सगळ्यांची सनातन गरज नव्हती. पायांवर उपडं-उताणं धरून 'श्शू श्शू' करत बाळाला करवणं महाराष्ट्रातल्या जुन्या बायकांना येतं, आणि ज्या घरात जमीन शेणामातीची आहे, दार दिवसभर उघडं आहे, मूल कायम कुणाच्या तरी अंगाखांद्यावर आहे, तिथे रांगणारं पोर नागडं असण्यात कुणाचंच अडत नाही. माडिया गोंडांच्या गावांत मूल आईच्या अंगाला कापडाच्या झोळीत बांधलेलं असायचं आणि आजही दिसतं. ओलं झालं की लगेच कळतं. शिवाय या भागात कापडच दुर्मीळ होतं. अहिरी जमीनदारीच्या या जंगलात मीठ आणि कापड बाहेरून यायचं, आणि त्यांच्या बदल्यात चारोळी, हिरडा, मोह असा जंगलातला माल बाहेर जायचा. अंगावरचं एकच वस्त्र ज्याच्याकडे आहे, त्याच्या घरात 'जुनं कापड' नावाची वस्तूच नसते. लंगोट करायचा तर घरात आधी फाटलेलं सुती लुगडं पाहिजे, आणि लुगडं फाटायला आधी ते विकत घेतलेलं पाहिजे.

म्हणजे लंगोटाचा इतिहास हा जुन्या कापडाचा इतिहास आहे, आणि जुनं कापड किती निघणार हे नवं कापड किती स्वस्त यावर ठरतं.

चांदा जिल्हा, ज्यातून पुढे गडचिरोली वेगळा झाला, तो कापडाच्या बाबतीत अगदीच मागास होता असं नाही. उत्तरेकडच्या गावांमध्ये कोष्टी होते, आणि महार समाजातली कित्येक घरं जाडंभरडं सुती कापड विणायची. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जे जाडजूड खंड काढले, त्यांत महारांच्या या विणकामाची नोंद आहे. शेतात राबणाऱ्याला हेच कापड हवं असायचं, कारण ते टिकायचं.

या विणकरांवर सरकारचा डोळा होता, आणि तो कौतुकाचा नव्हता. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. त्याच सुमारास रिव्हेट-कार्नाक नावाचा साहेब मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर होता. त्याच्या अहवालात लिहिलेलं गणित वाचून आजही अंगावर येतं: रेल्वेचा फाटा आत नेला तर विलायती कापड इतकं स्वस्तात पोचेल की देशी कापड त्यापुढे टिकणार नाही, मग विणकर शेतीकडे वळतील आणि इथला कापूस इथे सूत न होता गाठी बांधून बाहेर जाईल. एखाद्या स्टार्टअपचा बिझनेस प्लॅन असावा तसं हे सरळ लिहिलेलं आहे. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ ला, जमशेदजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि विलायती कापडाच्या जोडीला देशी गिरणीचं कापडही बाजारात आलं. हातमागवाले मेले नाहीत, गिरणीचं सूत घेऊन विणत राहिले. पण लुगडं आणि धोतर दोन्ही स्वस्त झाली, आणि विदर्भातल्या मध्यम शेतकऱ्याच्या घरात पहिल्यांदा जुन्या कापडाची गाठोडी जमायला लागली असावीत. हा माझा तर्क आहे, पण गोधड्यांचे थर बघितले की पटतो.

आता ते गाठोडं सोडून बघू. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, ३२४ इंच लांब. पन्हा ४५ इंच धरा. लंगोटाला २२ इंचांचा चौकोन लागतो, जो घडी घालून त्रिकोणी होतो. एका लुगड्यातून रुंदीत दोन आणि लांबीत चौदा, म्हणजे अठ्ठावीस चौकोन निघतात. पण लुगडं फाटतं ते बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या टोकाला. निम्मं सोडून द्या. उरले चौदा. तान्ह्या बाळाला दिवसाला बारा ते पंधरा लंगोट लागतात. एक लुगडं म्हणजे एका दिवसाचा संच, दोन लुगडी म्हणजे धुणं-वाळणं धरून बाळाची पूर्ण सोय. कुणाही आजीने हे गणित मांडलं नाही, पण बाळंतपणाच्या आधी 'दोन लुगडी बाजूला ठेव' असं सांगणाऱ्या बायकांना ते पाठ होतं.

आणि जुनंच का? नव्या सुती कापडात खळ असते, धाग्यावर कापसाचं मूळचं मेणही थोडं असतं. नव्या कापडावर पाणी टाकलं तर ते आधी थेंब होऊन थबकतं. दोन वर्षं धोपटून धुतलेल्या लुगड्यातून खळही जाते, मेणही जातं, धागे सैल होतात, आणि मग ते कापड पाणी पिऊन टाकतं. शिवाय मऊ पडलेलं असतं. तान्ह्या बाळाला नवं कापड घालू नये, दुसऱ्या घरच्या धडधाकट पोराचं जुनं झबलं मागून आणावं, अशी रीत आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. ती दृष्टीच्या भीतीशी जोडलेली असली तरी तिच्या पोटात हे कापडशास्त्र आहे. बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची नवीकोरी. अंगाला सतत लागणारे लंगोट आणि दुपटी मात्र जुन्यातली.

फुकट म्हणताना एक हिशेब आपण सगळेच गाळतो. दिवसाचे पंधरा लंगोट कुणीतरी धुवायचे. हापशावर किंवा नदीवर, हिवाळ्यात, पावसाळ्यात. लंगोटाची खरी किंमत बाईच्या मनगटातून वसूल व्हायची आणि तिची पावती कुठेच फाडली जात नव्हती. जुन्या काळाच्या साधेपणाचं कौतुक करणारी पोस्ट आली की मला प्रत्येक वेळी वाटतं, लिहिणाऱ्याने एक पावसाळा लंगोट वाळवून बघावेत.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली. १९४३ साली सरकारने कापड आणि सुताच्या नियंत्रणाचा हुकूम काढला, गिरणीच्या कापडावर कमाल किंमत छापली जाऊ लागली, आणि पुढे कापड रेशनवर आलं. जुन्या माणसांच्या बोलण्यात 'कंट्रोलचं कापड' अजून येतं. कापड मोजून मिळायला लागलं की लुगडं आणखी वर्षभर नेसलं जातं, ठिगळं पडतात, आणि लंगोटापर्यंत ते पोचतं तेव्हा त्याचा जाळीदार चिंधडा उरलेला असतो.

तरीही लुगडं सुती होतं तोवर साखळी तुटली नव्हती. ती तुटली पॉलिस्टरने. आणि त्यासाठी मला १९८२ हे साल फार बोलकं वाटतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, जो सुती गिरण्यांच्या शेवटाची सुरुवात ठरला. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. आणि त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूरमधून वेगळा काढून गडचिरोली जिल्हा तयार झाला. या तिसऱ्या घटनेचा पहिल्या दोन घटनांशी काही संबंध नाही. पण नवा जिल्हा वयात येत होता तेव्हा त्याच्या आठवडी बाजारात कोणतं कापड टांगलेलं होतं, हे पहिल्या दोन घटनांनी ठरवलं. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कापूस आणि कृत्रिम धागा यांच्यातला भेदभाव संपवायचं ठरवलं, कृत्रिम धाग्यावरचे कर उतरले, आणि जी साडी आधी शहरी बाईची हौस होती ती एटापल्लीच्या बाजारातली सगळ्यांत स्वस्त साडी झाली.

बायकांनी ती का घेतली हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. धुवायला हलकी, अर्ध्या तासात वाळते, खळ नको, इस्त्री नको, रंग जात नाही, आणि चार-पाच वर्षं फाटत नाही. ज्या बाईला नदीवरून धुणं डोक्यावर आणायचंय तिच्यासाठी ओल्या सुती लुगड्यापेक्षा ओली पॉलिस्टर साडी हा मोठाच दिलासा होता. सुती साडीचं माहात्म्य सांगणारे लोक बहुतेक वेळा धुणारे नसतात.

पण त्या साडीचा लंगोट होत नाही. हवेतला ओलावा धागा किती धरून ठेवतो याचं एक प्रमाणित माप कापड उद्योगात वापरतात. कापसासाठी ते साडेआठ टक्के आहे, पॉलिस्टरसाठी ०.४ टक्के. वीसपटीहून जास्त फरक. पॉलिस्टरचा लंगोट घातला तर पाणी जिरत नाही, बाजूने वाहून जातं, आणि अंगाला चिकटलेला ओला थर तसाच राहतो. शिवाय साडी फाटतच नाही, त्यामुळे जुनी होऊन खाली उतरणंही थांबतं. नव्या साडीवर किंमत छापलेली होती आणि ती कमी होती. पण त्या कमी किमतीत लंगोट, दुपटं, गोधडी आणि पोतेरं हे साडीचे पुढचे चार जन्म वजा केलेले होते. ही वजाबाकी सगळ्यांत आधी गरीब घरात जाणवली, कारण श्रीमंतांकडे सुती साड्याही राहिल्या.

आमच्या घरी लंगोट झाले ते आजोबांच्या धोतराचे. आईच्या कपाटात त्या कामाचं काही नव्हतंच.

दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत, ही कापडाची कटकटच संपवायचं काम सुरू होतं. १९५०च्या दशकात प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या व्हिक्टर मिल्स नावाच्या इंजिनियरने नातवंडाचे लंगोट बदलायला कंटाळून फेकून देता येणाऱ्या डायपरवर काम सुरू केलं, असं सांगतात. १९६१ साली इलिनॉयमधल्या पिओरिया गावात पॅम्पर्स विकून पाहिले. दर होता एका नगाला दहा सेंट. लोकांनी वस्तू आवडली म्हटलं आणि घेतली नाही. कंपनीने यंत्रं बदलली, उत्पादन वाढवलं, आणि दर सहा सेंटच्या आसपास आणला, तेव्हा कुठे ती खपायला लागली. जगातल्या श्रीमंत देशातही डायपर आधी किमतीवर पडला होता, हे एटापल्लीतल्या सुट्या डायपरकडे बघताना आठवतं.

'डायपर' हा शब्दही मुळात कापडाचा. विणीत बारीक चौकड्यांची नक्षी असलेल्या कापडाला युरोपात डायपर म्हणत. त्या कापडाचे लंगोट व्हायचे म्हणून नाव वस्तूला चिकटलं, आणि आता त्या वस्तूत कापड उरलेलं नाही.

आपल्याकडे मोठ्या कंपन्यांचे डायपर १९९०नंतर दिसायला लागले, आणि पुढे शाम्पूच्या पुडीचं तंत्र वापरून छोट्या पाकिटांतून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले. मग शहरात उलटा प्रवाह सुरू झाला. कचरा, रॅश आणि महिन्याचं बिल या तिन्हींना कंटाळलेल्या आयांनी पुन्हा कापड शोधलं. मुंबईत पल्लवी उटगी यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली सुपरबॉटम्स ही त्यातली सगळ्यांना ठाऊक असलेली कंपनी. शार्क टँकमुळे ती घराघरात पोचली. तिच्या यादीत 'ड्राय फील लंगोट' नावाची वस्तूही आहे. लंगोट परत आला, पण बारकोड लावून.

या नव्या कापडी डायपरचे थर बघण्यासारखे असतात. बाहेरचं कापड पॉलिस्टरचं, त्याला आतून पॉलियुरेथेनचा पातळ पडदा चिकटवलेला, म्हणजे ओल बाहेर येत नाही. बाळाच्या अंगाला लागणारा थर बहुतेक वेळा पॉलिस्टरच्या लवदार कापडाचा, कारण तो पाणी स्वतःकडे न ठेवता पुढे ढकलतो. आणि मधे शोषून घ्यायला सुती किंवा दुसऱ्या कापडाच्या घड्या. ज्या गुणामुळे पॉलिस्टर साडीचा लंगोट होऊ शकला नाही, तोच गुण इथे 'कोरडेपणा' म्हणून विकला जातो. इंजिनियर म्हणून मला हे आवडतं. किंमत तीनशे ते आठशे रुपयांच्या घरात जाते हे ताईला आवडलं नाही. करातही गंमत होती. २०१८ च्या जुलैमध्ये सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के जीएसटी शून्य झाला, पण बाळांचे डायपर १२ टक्क्यांतच राहिले. ते पाच टक्क्यांवर आले २२ सप्टेंबर २०२५ ला.

आता पुन्हा आमच्या बाईंच्या साठ रुपयांकडे येऊ. मी घरी येऊन हिशेब मांडला. ४४ इंच पन्ह्याची मलमल, मीटरला ८० रुपये. २२ इंच कापून मधोमध दुमडली की एक दुहेरी लंगोट. कापडाचे ४५ रुपये. नाडी आणि दोरा ३ रुपये. शिवायला वीस मिनिटं. त्यांच्या वेळेचा दर काय धरायचा? रोजगार हमीची महाराष्ट्रातली २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये आहे. आठ तासांनी भागलं की तासाला ३९, वीस मिनिटांचे १३. एकूण ६१. त्या साठ घेतात. म्हणजे मशीनची झीज, वीज, आणि चंद्रपूरहून मलमल आणायचा प्रवास यांच्यासाठी एक पैसाही उरत नाही, उलट एक रुपया पदरचा जातो. कापड गिऱ्हाइकाचं असेल तर पंधरातून दोरा-नाडी वजा जाता १२ रुपये हाताला लागतात. तेही मजुरीपेक्षा एक रुपया कमी.

हातच्या कामाला किती द्यायचं हा प्रश्न विदर्भात आधी एकदा पुरेपूर चघळला गेलाय. १९३५ साली गांधीजींनी अखिल भारत चरखा संघापुढे आग्रह धरला की सूत कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामात पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. त्यांच्या मनात आठ आणे होते. तोवर खादी स्वस्त ठेवण्यासाठी कातणारीला नाममात्र पैसे मिळत. संघाने तत्त्व मान्य केलं, मजुरी वाढवली, पण आठ आण्यांपर्यंत ती पोचली नाही, आणि खादी महागल्याची कुरकुर लगेच सुरू झाली. त्या कुरकुरीचं उत्तर आजही आपल्याकडे नाही. हातचं हवं, पण यंत्राच्या भावात.

पंधरा लंगोटांचा संच घेतला तर नऊशे रुपये होतात. रोज रात्री एकच डायपर घालायचा ठरवला तर तेवढ्याच पैशांत तीन महिने निघतात. हे नऊशे एकदम काढायचे आहेत, ते दहा-दहा करून. हातावर पोट असलेल्या घराला दुसरा हिशेब परवडतो, जरी वर्षाअखेरी तो महाग पडला तरी. सुरजागडच्या खाणीमुळे तालुक्यात रोख पैसा थोडा जास्त फिरायला लागलाय, तोही सुट्या डायपरकडेच जातो.

आणि या सगळ्यात बाळ ओलं किती वेळ राहतं, हा प्रश्न इथे चैनीचा नाही. तान्हं बाळ ओल्या कापडात पटकन थंड पडतं. याच जिल्ह्यात राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, आणि त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्यात इंजेक्शनं होती, श्वास सुरू करायचं साधन होतं, आणि बाळाला कोरडं आणि उबदार ठेवायला आईला शिकवणंही होतं. आज आशाताई घरी येऊन तेच सांगतात. पण 'कोरडं ठेवा' म्हणायला सोपं आहे. जुलैत पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद होतो, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि कोरडा लंगोट हा घरातल्या कापडाच्या साठ्यावर अवलंबून राहतो. सहा असतील तर पुरत नाहीत. वीस असतील तर भागतं.

म्हणून बाई हल्ली गिऱ्हाइकाला आधी 'घरी सुती काय हाय?' असं विचारतात. त्यांच्या मशीनशेजारच्या टोपलीत मी एका दुपारी बघितलं त्यात दोन धोतरं होती, एक लग्नातला पांढरा दुपट्टा, तीन विरलेले टॉवेल, एक सोलापुरी चादर, कुणाच्या तरी मुलाचे शाळेचे पांढरे शर्ट आणि पुरुषांच्या सुती बनियनांचा ढीग. बनियनचं कापड ताणतं म्हणून त्याला कडेने दुहेरी शिलाई मारावी लागते. टॉवेल जाड, सावकाश वाळतो, म्हणून तो मधल्या पट्टीपुरता. साडी एकही नव्हती. ताईसाठी आम्ही आजोबांचं उरलेलं धोतर दिलं. त्यात अकरा बसले.